मध्येच आठवलं तर

अर्धी भाकरी संपली तेव्हा बावांचा हात थांबला.
बांगड्याच्या कालवणात बोटं तशीच.
"गो हाजरा, मी बिस्मिल्ला बोललो काय?"
नव्हते बोलले. मी बघत होते.
पण ऐंशीच्या माणसाला काय काय आठवून द्यायचं,
हा मसला कुठल्या किताबात आहे मला ठाऊक नाही.

दुसरा एक ठाऊक आहे,
कौशातल्या मक्तबात, गरगरणाऱ्या पंख्याखाली
खैरुन्निसा आपांनी शिकवलेला:
सुरुवातीला नाव राहून गेलं, मध्येच आठवलं,
तर म्हणायचं, बिस्मिल्लाहि अव्वलहू व आखिरहू.
त्याच्या नावानं, याच्या आधीलाही, अखेरीलाही.
मी नऊ वर्षांची. विचारलं होतं,
गिळून झालेल्या घासापर्यंत नाव मागे कसं जातं?
आपा म्हणाल्या, तू घास गिळ. वाट त्याला माहीत आहे.

आमच्या मशिदीत इमाम फातिहाच्या आधी ते मोठ्यानं म्हणतात,
रस्त्यापलीकडच्या मशिदीत ओठांतल्या ओठांत.
यावरून मुंब्र्याच्या हॉटेलांत किती चहा संपला असेल.
बावांना दोन्ही सारखंच.
त्यांचे कान खाडीनं तरुणपणीच घेतले होते.

रेतीबंदरावर बावा डुबकीवाले.
बांबू धरून खाली, बादली भरून वर,
दिवसाला दीडशे खेपा, नाकातून कधी रक्त.
एकदा त्यांनी मौलवींना गाठलं:
हर डुबकी नवा काम, की सगळा मिळून एकच?
मौलवी म्हणाले, सकाळी एकदा पुरे,
पण दर खेपेला म्हटलंत तर तोटा काय?
बावा म्हणाले, तेवढा दम कमी पडतो, मौलवीसाब.
मौलवी हसले नाहीत. बराच वेळ
बावांच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे बघत राहिले.

मग बंदी आली.
होड्या कापल्या, पंप जप्त झाले.
शेटचा माणूस घरी येऊन म्हणाला, रात्री उतरायचं, दुप्पट पैसे.
आय तेव्हा कळव्याच्या इस्पितळात होती.
माझ्या कॉलेजची फी भरायची होती.

अकरा रात्री.
मला हे आयनं सांगितलं, बावांनी नाही.
अकरा रात्री ते बांबूवर उभे राहिले, अंधारात,
आणि तोंड उघडलं नाही.
चोरीच्या कामावर ते नाव घ्यायचं नसतं,
एवढा मसला त्यांना कुणी शिकवावा लागला नव्हता.
नावाशिवाय खाली गेले.
खालचा चिखल तोच, बादली तीच,
पण आय म्हणायची, त्या रात्रींनंतर
बावा घरात शिरताना दारात थांबायचे,
उजवा पाय उचलून,
आत यायची परवानगी कुणाकडे मागावी
ते न कळल्यासारखे.

त्या फीच्या पावतीवर माझं नाव नीट टाइप केलेलं आहे.
हाजरा हसनमियां सुर्मे.
त्या पावतीवर मी नोकरीला लागले, वाशीला,
आणि हा बांगडा त्याच पगारातला.

विसरलेल्याला माफी आहे.
न विसरता, अदबीनं गाळलेल्याचं काय?
आपा गेल्या. मौलवी गेले.
पारसिकच्या डोंगरावर दिवे लागतात,
खाडीवरून वास येतो, आणि बावा
अजून माझ्याकडे बघताहेत.
बोटांवरचं कालवण सुकत चाललंय.

मी त्यांच्या कानाशी गेले. मोठ्यानं म्हटलं,
दोनदा, कारण पहिल्यांदा पोचलं नाही:
अव्वलहू. व आखिरहू.

ते पुटपुटले. ओठ सावकाश,
पाण्याखालून वर येतात तसे.
मग विचारलं, "किती मागं जाता ते?"

मी भाकरीचा दुसरा अर्धा त्यांच्या ताटात ठेवला.
"जेवा बावा," म्हटलं. "गार होतंय."